पिशवीच्या आधीची तेलं

करडई. सोलापूरची, मराठवाड्याची. ज्वारीच्या रानाला काटेरी कड म्हणून पेरायची. जनावर आत शिरत नसे आणि घरचं तेलही निघे. काढणी पहाटे, दवानं काटे नरम असताना, हाताला फडकी बांधून. पुढे काटे टोचून घ्यायला मजूर मिळेना, कड गेली. कोवळ्या पाल्याची भाजी तेवढी बाजारात दिसते.

जवस, विदर्भातलं. निम्म्याहून अधिक ओमेगा-३, आणि त्यामुळेच लवकर खवट होणारं. म्हणून लागेल तेवढंच गाळून आणायचं. असलं नाजूक तेल महिनोन्‌महिने दुकानाच्या फळीवर कोण ठेवणार? जवस आता भाजून, मुखवासात.

खुरासणी. इगतपुरी, पेठ, जव्हारच्या वरकस जमिनीतली.

मोहाच्या बियांचं तेल, गडचिरोलीकडचं. थंडीत थिजे.

कोकमाचं तेल. बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेलं थिजलं की गोळे वळायचे. कोकणात ज्याच्याकडे दुभतं नाही त्याच्या पेजेत हेच तूप. ते गेलं. भेगाळलेल्या टाचांना लावणं राहिलं.

गावातला घाणा. त्याच्याबरोबर पेंड, पेंडीवरची घरची म्हैस, तिचं लोणी, आणि कढवल्यावर पातेल्यात उरणारी बेरी, जिच्यावर साखर घालून पोरं भांडत.

डालडा. 1937 साली आला. याच्यासाठी गळा काढू नये. त्यातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा यायला 2022 उजाडलं. डबा मात्र तुळस लावायला उत्तम.

आणखी एक गोष्ट गेली: तुलना. 1967 साली पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांमधल्या हृदयविकाराचा हिशेब मांडला. दक्षिणेत मृत्यू उत्तरेच्या सुमारे सातपट. उलट दूध-तूप खाणारे उत्तरेकडचे लोक स्निग्ध पदार्थ कितीतरी पट जास्त खात होते. मल्होत्रांनी किती खाल्लं यापेक्षा कुठलं खाल्लं आणि कसं खाल्लं याकडे बोट दाखवलं. ते पटो न पटो, प्रदेशागणिक चरबी वेगळी होती म्हणून हा प्रश्न विचारता तरी आला. आज देशाचं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. चंद्रपूरची भाजी आणि मालवणचं कालवण, दोन्हींना इंडोनेशियाचं पाम चालतं.

लाकडी घाण्याचं करडई तेल पुण्यात मिळतं, काचेच्या बाटलीत. करडई पेरणारी बाई आठवडी बाजारातून पामची पिशवी आणते. पिशवी कितीतरी स्वस्त पडते.