धोटा

सोलापूरच्या पूर्वभागात शांतता क्वचितच नांदते. तेलंगणातून काही पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकरांची ही वस्ती. येथे दिवस उजाडे तो मागांच्या खडखडाटाने, आणि रात्री डोळा लागे तोही त्याच तालावर. १९८४ च्या सुमारास या भागातील घरांच्या माथ्यावर एक नवेच पीक तरारून आले. कौलांवर, पत्र्यांवर, गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उभे राहिले. दूरदर्शनच्या त्या अँटेना होत्या. दूरदर्शन भारतात सुरू झाले ते १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबईला ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. इतर गावांना मात्र अजून पुष्कळ वाट पाहावी लागली; आणि वाट पाहून आलेल्या पाहुण्याचे कौतुक अंमळ जास्तच होते.

एका बोळात असा संच एकच होता, काकूंच्या घरी. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, वर भरतकाम केलेला रुमाल. रविवारी सकाळी काकूंच्या ओसरीवर बोळातल्या पोरांच्या चपलांचा ढीग पडे. त्यांत एक मुलगा विणकराचा होता. घरी तेलुगू बोलणारा. एक मुलगी किराणा दुकानदाराची, तिच्या घरी कन्नड. एक टांगेवाल्याचा धाकटा, त्याच्या घरी दखनी उर्दू. आणि काकूंचे घर मराठी. सोलापुरात याचे कोणाला नवल वाटत नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या शहराचे जे चार वीर फासावर गेले, त्यांची नुसती नावे उच्चारली तरी गावाची घडण ध्यानात येते : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे.

विणकराचा मुलगा तेव्हा सहावीत होता. घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांचे दोन यंत्रमाग होते. सातवी झाली की त्याला मागावर उभे करायचे, असे घरात ठरल्यासारखेच होते. ते कोणी त्याला सांगितले नव्हते, पण त्याला ठाऊक होते. रविवारी ठरलेल्या कांड्या भरून झाल्याशिवाय त्याला काकूंकडे जाता येत नसे.

त्या रविवारी तो पोहोचला तेव्हा पडद्यावर नुसत्या मुंग्या धावत होत्या. काकूंचा कॉलेजात शिकणारा मुलगा, ज्याला सारी पोरे दादा म्हणत, गच्चीवर अँटेना फिरवीत होता.

“आले का?” वरून प्रश्न.

“आले, आले!” खालून एकच गलका. “गेले!”

असे पाच-सात वेळा झाल्यावर मुंग्या पांगल्या. काळेभोर आकाश दिसले, त्यात चांदण्या. आणि त्यांतून एक अजब नौका सरसर पुढे आली. मोठ्या परातीला दोन लांब नळकांडी जोडावीत, तसा तिचा घाट होता. ही ‘स्टार ट्रेक’ मालिका. अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी प्रथम दाखविली गेली, आणि ७९ भाग होऊन १९६९ च्या जूनमध्ये संपली होती. म्हणजे सोलापूरच्या मुलांनी ती पाहिली तेव्हा तिच्या मायदेशी ती जुनी झाली होती. मध्यंतरी माणूस खरोखरच चंद्रावर जाऊन आला होता, आणि एप्रिल १९८४ मध्ये आपले राकेश शर्माही अंतराळात जाऊन आले होते. परंतु मुलांना याची क्षिती नव्हती. त्यांनी ती आज पाहिली, म्हणून ती आजचीच होती.

अडचण एकच, पण मोठी : सारे इंग्रजीत. मुलांचे इंग्रजी पाचवीत सुरू झालेले. पडद्यावरची माणसे मात्र भरधाव बोलत. मुलगा भुवया आकसून ऐकत राहिला. त्या अनोळखी शब्दांच्या लोंढ्यात एकाएकी एक ओळखीचा शब्द तरंगत आला. शटल.

त्याला वाटले, आपण चुकून ऐकले. पण तो शब्द पुन्हा आला, आणि पुन्हा. माग दुरुस्त करायला येणारा जॉबर धोट्याला शटल म्हणे. दोन्ही टोकांना पोलादी अणकुची असलेला तो लाकडी धोटा, पोटात कांडी घेऊन ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे, तिकडून इकडे धावणारा! त्याचे या आकाशातल्या लोकांशी काय नाते?

दादा खाली येऊन मराठीत अर्थ सांगू लागला, तेव्हा कथेचा धागा हाती आला. मोठ्या नौकेचे नाव एन्टरप्राइज. तिच्यातून सात माणसे एका लहान होडीत बसून निघतात. ही होडी म्हणजे शटल, तिचे नाव गॅलिलिओ. ती भरकटून एका अनोळखी ग्रहावर आदळते. इंधन वाहून गेलेले, भोवती धिप्पाड, भालेवाले प्राणी. तिकडे कर्णधार कर्क त्यांना शोधतो आहे, पण त्यालाही थांबता येत नाही. साथीने ग्रासलेल्या एका वस्तीला औषधे पोहोचविण्यासाठी ठरलेल्या घटकेला निघणे भाग आहे. सात जणांचा प्रमुख स्पॉक. कान टोकदार, भुवया वर चढलेल्या, चेहरा दगडासारखा. त्याचे वडील परग्रहावरचे आणि आई पृथ्वीवरची. तो प्रत्येक गोष्ट हिशेबाने ठरवितो, म्हणून सोबतचे त्याच्यावर चिडतात, त्याला टोचून बोलतात. दोघे जण प्राणास मुकतात.

इथवर पाहताना मुलगा गुडघ्यांवर हनुवटी टेकून अगदी निश्चल बसला होता. शाळेत त्याच्या मराठीला तेलुगूचा हेल येई, आणि काही मुले त्याची नक्कल करीत. उलट, आंध्रातून नातलग आले की ते त्याच्या तेलुगूला हसत. म्हणत, हा मराठी झाला. दोन्हीकडे आपला, आणि दोन्हीकडे थोडा परका. स्पॉकचे दुःख त्याला कोणी मराठीत समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शेवटी गॅलिलिओ कसेबसे आकाशात चढते, पण इंधन थोडेच उरलेले. ते जपून वापरले तर काही काळ तरंगता येईल. पुढे मरण ठरलेले. मोठी नौका तर दूर निघालेली. तेव्हा आयुष्यभर हिशेब करणारा स्पॉक अचानक सारे इंधन बाहेर सोडून पेटवून देतो! अंधारात एक लांबच लांब ज्वाळा उमटते. ती दूरवरच्या एन्टरप्राइजला दिसते, आणि उरलेले पाच जण वाचतात. काकूंच्या बैठकीत टाळ्या पडल्या. टांगेवाल्याच्या मुलाने तर कोलांटी उडी मारली, आणि काकूंनी त्याला रागे भरल्याचे सोंग केले.

पुढे रविवारचा हा नेम झाला. नौकेवरील मंडळीही एकाच देशाची नव्हती. सुकाणूवर आशियाई सुलू. संदेश पाठविणारी, आफ्रिकी वंशाची उहुरा. नंतरच्या भागांत रशियन चेकॉव्हही येई, आणि तेही अमेरिका व रशिया यांच्यात हाडवैर असताना. मॅकॉय नावाचा तापट डॉक्टर पाहून दुकानदाराच्या मुलीने एकदा विचारले, “घरदार सोडून इतक्या लांब कशाला जायचे डॉक्टरने?” काकू म्हणाल्या, “अगं, आपले डॉक्टर कोटणीस नाही का गेले?” सोलापुरात १९१० साली जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धात होरपळलेल्या चीनला गेले, जखमींची सेवा करीत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. त्यानंतर मुलांच्या खेळात डॉक्टरचे नाव मॅकॉय न राहता कोटणीस झाले.

हा खेळ बोळातच रंगे. काड्यापेटी हे बिनतारी यंत्र. मालिकेत माणसे एका चौथऱ्यावर उभी राहत आणि झगमगत अदृश्य होऊन ग्रहावर उतरत. खरे तर दर वेळी एवढी मोठी नौका ग्रहावर उतरविण्याचे चित्रण करणे निर्मात्यांना परवडत नव्हते, म्हणून ही क्लृप्ती काढलेली. डॉक्टरांची उपकरणे म्हणूनही मिठाच्या नक्षीदार बाटल्या वापरल्या होत्या. मुलांपाशी मिठाच्या बाटल्याही नव्हत्या. चौथरा म्हणून काकूंची पायरी होती. “वर बोलवा” असा हुकूम काड्यापेटीतून निघाला की प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत हाक द्यायची : ये! बा! रा! आओ! कर्णधार कोण, यावर मात्र दर वेळी भांडण होई. मुलीने उहुरा व्हावे असे मुलांना वाटे. तिला कर्कच व्हायचे असे, आणि बहुतेक वेळा ती होई.

त्याच वर्षी शाळेत विज्ञानाच्या तासाला उपग्रहांचा विषय निघाला. सर सांगत होते : दिल्लीचे चित्र सोलापूरला जमिनीवरून येत नाही, आधी आकाशात जाते. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आपला ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह आहे. पृथ्वीबरोबरच तो फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी खिळल्यासारखा भासतो. लहर त्याच्यापर्यंत जाऊन खाली येते; एवढ्या प्रवासाला लागतो अवघा पाव सेकंद. पुढे विज्ञानकथांनी गाजलेले आर्थर क्लार्क यांनी ही कल्पना १९४५ सालीच मांडली होती. हा उपग्रह अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाने वर नेला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी, रात्रीच्या काळोखात ते यान उडाले. त्याच यानात गियन ब्लुफर्ड होते, अंतराळात गेलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. “अशा यानाला,” सर म्हणाले, “स्पेस शटल म्हणतात.”

मुलाचा हात आपोआप वर गेला. “सर, शटल म्हंजे आमच्या मागातला धोटा?”

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला, पाने उलटली आणि मोठ्याने वाचले : शटल, विणकराचा धोटा, त्यावरून, दोन ठिकाणांमध्ये सतत ये-जा करणारे वाहन. कोश मिटून ते म्हणाले, “आधी धोटा, मग यान. हा बरोबर बोलतो आहे.” त्या दिवसानंतर त्याच्या बोलण्याची नक्कल थांबली असे म्हणता येणार नाही, पण तो तासाला हात वर करू लागला.

संध्याकाळी त्याने शेडमध्ये जाऊन वडिलांना सारे तेलुगूतून सांगितले. मागाच्या आवाजात ओरडूनच सांगावे लागले. वडिलांनी माग थांबविला. हातात धोटा घेतला आणि जणू प्रथमच पाहत असल्यासारखा उलटसुलट करून पाहिला.

“जाऊन परत येते का ते यान?”

“येते, नायना. परत येते, पुन्हा जाते.”

“मग नाव बरोबर ठेवलंय,” वडील म्हणाले. “कांड्या भरल्यास का?”

मुलगा सातवीत असताना, २८ जानेवारी १९८६ रोजी, तेच चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात मोडून पडले. आत सात जण होते. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ नावाची एक शाळाशिक्षिकाही होती. काकूंच्या संचावर निळ्या आकाशात दोन फाटे फुटलेला पांढरा धूर दिसला. या वेळी पोरांपैकी कोणी अवाक्षर काढले नाही.

मुलगा शेडमध्ये गेला. वडिलांच्या कपाळावर डाव्या बाजूला एक जुना व्रण होता; एकदा मागातून धोटा उडून लागला होता.

“तेव्हा तुम्ही काय केलं, नायना?”

वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “रक्त पुसलं. धोटा कुठं पडला ते शोधलं. का उडाला ते कळेपर्यंत माग चालू केला नाही.”

तिकडेही तसेच झाले. चौकशी समितीतील शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी यानातल्या रबरी कड्याचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांसमक्ष दाखविला : गारठ्याने रबर ताठरते, मग फट नीट बुजत नाही. अडीच वर्षांहून अधिक काळ एकही शटल उडाले नाही. २९ सप्टेंबर १९८८ रोजी ‘डिस्कव्हरी’ हे यान उडाले.

मुलगा तेव्हा दहावीत होता. चार दिवसांनी तो शाळेतून आला, तेव्हा दोन्ही माग चालू होते. वडिलांनी मान वर न करताच ओरडून विचारले,

“आला का परत?”

“आज उतरणार आहे.”

वडिलांनी मान हलविली आणि नवी कांडी धोट्यात बसविली. दुसऱ्या दिवशी सकाळी, दप्तर खांद्याला लावण्याआधी, मुलगा शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि मागांच्या वरताण आवाजात म्हणाला, “आला, नायना!”