वाड्याचें दार आणि बिनतारी पेटी

आमच्या एकत्र कुटुंबांत माणसें अकरा आणि आंतरजालास जोडलेलीं यंत्रें एकोणीस, असा सध्यांचा हिशेब आहे. माणसांना नांवें आहेत. यंत्रांना अंक आहेत. हे अंक कोण देतो आणि बाहेरच्या जगास त्यांतील एखाद्याच अंकापर्यंत कसें येऊं द्यावें, हा विषय आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकानें हातीं घ्यावा असा खचित नव्हे. परंतु गेल्या वर्षीं आमच्या वहिनींच्या मांडीचें हाड मोडलें. त्यांचे चिरंजीव टोरांटोस असतात. आईच्या खोलींत कॅमेरा बसवून तो आपणांस तिकडून पाहतां यावा, असा त्यांनीं आग्रह धरला. घरांतील तरुण मंडळी दिवसभर कचेरींत. तेव्हां काम आमच्याकडे आलें.

राउटर नांवाची जी पेटी भिंतीवर लटकत असते, तिचें पहिलें काम पंक्तींत पाट मांडणाऱ्याचें आहे. नवें यंत्र आलें कीं तें जागा मागतें, आणि पेटी रिकामा पाट पाहून त्यास एक अंक देते, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. हा अंक मुदतीचा असतो; मुदत सरण्यापूर्वीं तो पुन्हां मागून घ्यावा लागतो. या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. तिचें प्रमाण १९९३ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. पाहुण्यांस ही रीत उत्तम. परंतु वीज जाऊन आली म्हणजे काल सातव्या पाटावर असलेला कॅमेरा आज बाराव्यावर बसूं शकतो, आणि ज्यास बाहेरून शोधावयाचें त्यानें जागा बदलून कसें चालेल? आमच्या लहानपणीं आजोबांचा पाट देवघराच्या भिंतीशीं असे. कितीही पान्हें पडलीं तरी तो कोणी घेत नसे. तशी सोय या पेटींतही आहे. प्रत्येक यंत्रास कारखान्यांतच बारा चिन्हांची एक खूण मिळालेली असते. कॅमेऱ्याच्या बुडाशीं ती छापलेली होती. पेटीचें पान उघडून 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या सदरांत ती खूण लिहावी, समोर हवा तो अंक लिहावा, कीं पाट राखला गेला. आम्हीं ५० राखला. (अलीकडचे फोन मात्र आपली खरी खूण लपवून बनावट दाखवितात. अशा सोंगाड्यांसाठीं पाट राखणें तितकें भरंवशाचें नाहीं.)

दुसरें काम अधिक नाजूक. १९२.१६८ नें आरंभ होणारे अंक १९९४ पासून खाजगी वापरासाठीं राखलेले आहेत आणि असंख्य घरांत तेच वापरांत आहेत. कारण उघड आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६, आणि त्यांचा मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्येंच संपला. म्हणून सबंध वाड्यास बाहेरचा पत्ता एकच. आंतून गेलेल्या पत्राचें उत्तर पेटी बिनचूक त्या त्या बिऱ्हाडास पोंचविते. आगंतुकास मात्र दारावरूनच परत धाडते. त्यास आंत घ्यावयाचें तर अमुक दारावर येईल त्यास अमुक पाटाकडे न्यावें, अशी आज्ञा लिहून ठेवावी लागते. या दारांना पोर्ट म्हणतात. गीतेनें देहास नऊ द्वारांचें नगर म्हटलें आहे. या नगरास ६५,५३६ द्वारें आहेत! कॅमेऱ्याच्या चित्रासाठीं ५५४ क्रमांकाचें द्वार रूढ आहे. आम्हीं तें १९२.१६८.१.५० कडे वळविलें.

तरी टोरांटोस कांहीं दिसेना. सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या माणसानें तीन वेळां पेटी बंद करून सुरू करावयास सांगितलें, जणू सर्व रोगांवर एकच काढा! चौथ्या खेपेस एक मुलगी बोलली. ती म्हणाली, "आजोबा, पेटीच्या पानावर बाहेरचा पत्ता कोणत्या अंकानें सुरू होतो?" तो १००.७२ नें होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे अंक २०१२ पासून अशा कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठीं आहेत. म्हणजे आमचा वाडा रस्त्यावर नव्हताच. तो दुसऱ्या मोठ्या वाड्याच्या चौकांत होता, आणि त्या दिंडीदरवाजाची किल्ली कंपनीकडे! निराळे पैसे भरून सार्वजनिक पत्ता घेतला.

तो मिळावयाच्या आदल्या सायंकाळीं वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, आमचा बाळ बघणार तें ठीक आहे. पण त्या दारानें आणखी कोण कोण येईल?"

घरांतील शिकल्यासवरलेल्या कोणासही हा प्रश्न सुचला नव्हता. खरें उत्तर 'कोणीही' असेंच होतें. कोणतें दार उघडें आहे हें चाचपीत रात्रंदिवस फिरणाऱ्या आज्ञावली जगांत आहेत. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या अशाच एका आज्ञावलीनें, कारखान्यांत घातलेले परवलीचे शब्द कोणीं बदलले नाहींत म्हणून, असंख्य कॅमेरे आपल्या ताब्यांत घेतले होते. दाराचा क्रमांक बदलल्यानें शोधणाऱ्यास थोडा उशीर होतो, इतकेंच. अंथरुणास खिळलेल्या चौऱ्याऐंशीं वर्षांच्या स्त्रीची खोली अशा रस्त्यावर उघडी टाकावयाची, ही कल्पना आम्हांस असह्य झाली. पुतण्यास तसें सांगतांच तोही क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, कॅमेऱ्याचें दार बंदच करा."

मग त्यानेंच वायरगार्डची युक्ति सुचविली. घरांतील एका लहान संगणकास ५१ हा पाट दिला व ५१८२० हें एकच दार त्याच्याकडे वळविलें. किल्ली जुळल्याखेरीज हा द्वारपाळ हूं कीं चूं करीत नाहीं; परक्यास आंत कोणी आहे हेंही कळत नाहीं. कॅमेऱ्याचा मूळचा परवलीचा शब्द आम्हीं बदलला. यंत्रांनीं परस्पर पेटीस सांगून दारें उघडावीं अशी यूपीएनपी नांवाची सोय असते, तीही बंद केली. घरांतील वडीलधाऱ्यांस न विचारतां दार उघडण्याचा अधिकार यंत्रांस तरी कां असावा?

वहिनींनीं यास संमति दिली, पण आपली एक अट घातली. स्पंज करावयास बाई येते तेव्हां आणि संध्याकाळच्या जपाच्या वेळीं कॅमेऱ्यावर ओल्या पंचाची घडी नव्हे, तर जाड कोरा फडका पडेल, आणि तो काढण्याचा हुकूम त्याच देतील. त्याप्रमाणें फडका खुंटीवर ठेवला आहे. तेवढा वेळ टोरांटोस नुसता काळोख दिसतो. चिरंजीव त्याविषयीं कधीं विचारीत नाहींत.