खाली आम्ही, वर भाडेकरू

जुनं घर विकत घेऊन वरचा मजला भाड्यानं द्यायचा माझा विचार होता. कुंडलसारख्या गावात भाडेकरू कुठून मिळणार, असं घरचे विचारत होते. मला ती काळजी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना हलवला, तेव्हा शेजारच्या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं; आज ते किर्लोस्करवाडी. गावात साखर कारखाना आहे, वन अकादमी आहे. नोकरीची, बदलीची माणसं कायम खोल्या शोधत असतात.

घर गावठाणातलं, दुमजली, मालकांनी नुकतंच दुरुस्त केलेलं. खाली सोपा, माजघर, परडं. वर कडीपाटाच्या खोल्या आणि बाहेरून जिना. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारातल्या भूमिगतांना याच भागातल्या साध्या घरांनी आसरा दिला. ती एकेक करून पाडली जातात, तेव्हा जीव तुटतो. एक तरी आपण राखावं, असं मनात होतं.

नव्या रंगावर मात्र मी भाव ठरू दिला नाही. एका वयस्क गवंड्यांना सोबत नेलं. त्यांनी आधी तुळयांची टोकं पाहिली, कारण भिंतीत शिरते तिथंच तुळई ओल धरते. माजघरातलं सागवान ठणठणीत होतं. पश्चिमेकडच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर लोण्यात शिरावा तसा गेला. मग त्यांनी गिलाव्यावर टकटक केलं. आवाज पोकळ आला.

“ताई, पांढऱ्या मातीच्या भितीवर शिमिट मारलंय. खालनं चढल्याली ओल आत कोंडती. हितं चुनाच पायजे.”

तुळई बदलण्याचा आणि गिलावा खरवडण्याचा खर्च आम्ही किमतीतून वळता करून घेतला.

खरा वेळ गेला तो कागदांत. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर फक्त घर विकणाऱ्या भावांची नावं होती. हा उतारा घरपट्टीचा. तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. घर वडिलोपार्जित, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर लेकींचा हक्क लेकांइतकाच. खरेदीखतावर बहिणींच्या सह्या आणि त्यांच्या खात्यावर त्यांचा हिस्सा, याशिवाय व्यवहार नाही, असं मी सुरुवातीलाच सांगितलं. सहीनंतर थोरली बहीण घरी आली, उंबऱ्याला हात लावून पाया पडली आणि परड्यातल्या कढीपत्त्याला पाणी घालून गेली.

वरच्या मजल्यावर आता किर्लोस्करवाडीला कामाला जाणारं जोडपं राहतं. करार अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. कडीपाटावर मातीचा थर असतो, त्यावर रोजचं पाणी नको, म्हणून त्यांचं न्हाणीघर खाली जिन्याशेजारी पक्कं बांधून दिलं. विजेचं मीटर वेगळं घेतलं. येणारं भाडं सध्या पश्चिमेच्या भिंतीच्या चुन्याला लागतंय. पावसाआधी तेवढी बाजू पुरी करायची आहे.