तीन भोकांचा बोर्ड

आवाजाच्या बाबतीत पुणेकर चोखंदळ, हे आता कुणी नव्याने सांगायला नको. 1953 साली या शहरात आकाशवाणीचं केंद्रही सुरू झालं आणि सवाई गंधर्व महोत्सवही. पाखराला पंख फुटावेत तसे त्या वर्षी पुणेकराला कान फुटले (वैद्यकीय अर्थाने नव्हे). आम्ही बिबवेवाडीकर त्यातल्या त्यात सोशिक. पहाटे मार्केट यार्डाकडे जाणारे टेंपो, समोरच्या बांधकामावरची ठोकाठोक, सोसायटीच्या पाण्याची मोटर, एवढ्या मैफलीत आम्ही गाढ झोपतो आणि मोटर बंद पडली तर दचकून जागे होतो. तेव्हा आवाजाचं मला वावडं नाही. पण आमच्या कॉम्प्युटरने मध्यंतरी जो सूर लावला, तो वेगळाच होता.

त्याचं असं झालं. चिरंजीव अकरावीत आहेत. पुढे आर्किटेक्चरला जायचं असल्यामुळे त्यांना पडद्यावर इमारती गोल फिरवून बघाव्या लागतात, आणि जुन्या कॉम्प्युटरवर एक इमारत फिरायला खऱ्या इमारतीचा नकाशा मंजूर व्हायला लागतो तेवढा वेळ लागत असे. सबब नवं ग्राफिक्स कार्ड आलं, आणि त्या कार्डाची भूक भागवायला नवा दांडगा पॉवर सप्लायही आला. त्या एका कार्डावर तीन पंखे आहेत. आमच्या शाखेत कॅश काउंटरला मिळून एक आहे. कॉम्प्युटरवाल्या पोराने अर्ध्या तासात सगळं बसवलं, इमारत गरकन फिरवून दाखवली आणि पैसे घेऊन तो गेला. इमारतीबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती कॅसेटची.

1988 साली आमच्या अण्णांनी टू-इन-वनवर एक कॅसेट भरली होती. विषय पानशेत. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा अण्णा चौदा वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. धाकट्या बहिणीला पाठुंगळी मारून ते कसे पळाले, पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल कसा होता, ते सगळं त्यांनी शांतपणे सांगितलेलं आहे. मधूनमधून एक कार्टं त्यांना प्रश्न विचारतं. ते मी. अण्णा जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचा आवाज म्हणून आमच्याकडे ती एकच कॅसेट, तिचीही फीत आता इतकी जीर्ण की प्रत्येक वेळी लावताना देवाचं नाव घ्यावं लागतं. पाठुंगळीवरच्या त्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याला, सत्तरावं लागत होतं. त्याच्या आत दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर उतरवून तिला द्यायच्या, असं मी ठरवलं. पहिली बाजू नवं कार्ड यायच्या आधीच उतरली होती. स्वच्छ. दुसरी लावली आणि अण्णांच्या मागे कुणीतरी ‘घुंऽऽऽ’ असा आवाज लावून बसलं. अण्णा सांगताहेत, “शहरात वीज नव्हती, सगळा काळोख,” आणि त्यांच्या वाक्याखालून वीज स्वतः ‘आहे, आहे’ म्हणते आहे!

सोसायटीत बातमी पसरली. ‘ड्रायव्हर बदला’ म्हणणारे तिघे निघाले. त्यांपैकी एकाची समजूत गाडीच्या ड्रायव्हरची होती, असा मला अजून संशय आहे. दोघांनी ‘फॉरमॅट मारा’ म्हणून सांगितलं. हे म्हणजे घरात झुरळ निघालं तर घर पाडा म्हणण्यासारखं. वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या काकू येऊन डोळे मिटून ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, “पांढरी पाच आहे. पण थोडी चढलीय.” मला वाटलं, काकूंना सगळीकडे तंबोराच दिसतो. पण हिशेब करून पाहिला तर काकू शंभर टक्के बरोबर! आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. तिची गुणगुण छोट्या स्पीकरातून ऐकू येते ती मुख्यतः दुपटीची, म्हणजे 100 ची, आणि पांढरी पाचचा त्या सप्तकातला स्वर 98 ला असतो. थोडी चढलेली पांढरी पाच. अमेरिकेत वीज 60 ची, त्यामुळे तिथल्या घुंऽऽ चा स्वर आपल्या घुंऽऽ च्या सहापंचमांश, म्हणजे आपला षड्ज धरला तर नेमका कोमल गंधार. अमेरिकेत गेलेली आपली माणसं फोनवर थोडी उदास वाटतात, त्याचं कारण कदाचित हेच असेल.

असो. स्वर कळला, उगम कळेना. तेव्हा मी बँकेचा मार्ग धरला. आमच्याकडे संध्याकाळी फरक आला की ज्येष्ठ मंडळी आधी त्याला नऊने भागून बघतात. भाग गेला तर बहुधा कुणीतरी 54 च्या जागी 45 लिहिलेले असतात. नाही गेला तर एकेक नोंद काढायची आणि टिक करायची. आरडाओरडा करायचा नाही, मॅनेजरकडे बघायचं नाही. चिरंजीव म्हणाले, “बाबा, हे काय लेजर आहे?” म्हटलं, सगळंच लेजर असतं.

पहिली नोंद, टू-इन-वनची वायर कॉम्प्युटरमधून उपसली. घुंऽऽ बंद. म्हणजे कॉम्प्युटर एकटा निर्दोष. नुसत्या टू-इन-वनला हेडफोन लावून ऐकलं. तोही निर्दोष. दोघं स्वतंत्रपणे सज्जन, जोडले की कटकट. (लग्नाचं उदाहरण सुचलं होतं, सौ. शेजारीच उभी असल्याने दिलं नाही.) मग टू-इन-वनची विजेची पिन काढून त्यात सहा मोठे सेल भरले. हे सेल मिळवायला मला तपकीर गल्लीपर्यंत जावं लागलं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ‘एवढे जाड?’ म्हणून माझ्याकडे पुरातत्त्व खात्याचा माणूस असल्यासारखं पाहिलं. सेलवर लावलं, वायर जोडली. शांत! अण्णा एकटेच बोलताहेत. पण खोकी वर्षानुवर्षं पडून असावीत, दुसऱ्याच वाक्याला सेलांनी मान टाकली आणि अण्णांचा आवाज खोल गेला. फितीला भीत मी घाईघाईने बंद केलं. तरी एवढं ठरलं की भांडण दोघांच्या विजेच्या वायरींमधून चाललंय.

त्याच वेळी सौ. म्हणाली, “त्या खोक्याला पाय लागला की मला मुंग्या येतात. नवीन आल्यापासनं.” पंधरा दिवस ही बाई मुंग्या सोसत होती आणि तिला वाटत होतं, गुडघ्याचं दुखणं खाली उतरलं. टेस्टर लावला. कॅबिनेटच्या पत्र्यावर टेस्टर पेटला!

वायरमनला बोलावलं. त्याने कॉम्प्युटरच्या मागून एक एक्स्टेन्शन बोर्ड ओढून काढला. जुनी पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये होती. नव्या थाटात खोकं दोन फूट सरकलं, तेव्हा कॉम्प्युटरवाल्या पोराने हाताशी आला तो बोर्ड लावून दिला होता. बोर्ड कुठला, तर गणपतीच्या दिव्यांच्या माळांसाठी कुणीतरी मागे बनवून दिलेला. वरती ऐटीत तीन भोकं. वायरमनने स्क्रू काढून झाकण उचललं, तर आत दोनच वायरी. हिरवी वायरच नाही! वरचं मोठं भोक निव्वळ शोभेचं. आमच्या शाखेतल्या तक्रारपेटीची मला आठवण झाली.

आता यातलं शास्त्र. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेची खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून किंचित वीज पत्र्यावर येते आणि तिने अर्थिंगच्या वायरीने गुपचूप जमिनीत जावं, अशी अपेक्षा असते. अर्थिंग नसलं तर पत्रा अधांतरी लटकतो, सुमारे निम्म्या दाबावर. मग ती वीज वाट शोधते. कधी सौ.च्या पायातून, कधी टू-इन-वनकडे जाणाऱ्या ऑडिओच्या वायरीच्या वेष्टनातून. त्याच वायरीतून अण्णा येत होते. थोडक्यात, खातं नसलेली रक्कम सस्पेन्स अकाउंटला पडावी तसं झालं होतं. आपल्या प्लगची तिसरी पिन लांब आणि जाड असते, ती उगाच नव्हे. घालताना ती सगळ्यांच्या आधी लागावी आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटावी. तिच्या नशिबी असा बोर्ड यावा!

नवा तीन वायरींचा बोर्ड आला, भिंतीतलं अर्थिंग तपासून झालं, घुंऽऽ गेला, मुंग्या गेल्या. सौ.चं गुडघ्याचं औषधही बंद झालं. पण एक बारीक ‘चिर्र’ उरलीच होती, आणि ती माऊस हलवला की बदलायची. इमारत फिरवली की तर रातकिडेच. हे काम मात्र सोपं निघालं. चिरंजीवांनी सोयीसाठी वायर पुढच्या माइकच्या गुलाबी भोकात खुपसली होती. माइकचं भोक मोठ्या कानाचं, कुजबुजही वाढवून सांगणारं, आणि त्याची आतली तार नेमकी त्या तीनपंखी कार्डाला घासून गेलेली. मागच्या निळ्या भोकात वायर लावली आणि रातकिडे गप्प झाले.

रविवारी दुपारी पंखासुद्धा बंद करून दुसरी बाजू उतरवली. फीत टिकली. अण्णा स्पष्ट, चिखल स्पष्ट, आणि मग ते कार्टं विचारतं, “अण्णा, आणि आपलं मांजर?” अण्णा जरा थांबतात, “मांजर ना...” म्हणतात आणि त्याच क्षणी 1988 सालचा आमच्या आईचा कुकर शिट्टी फुंकतो! लांबलचक, मनसोक्त. शिट्टी संपते तोवर अण्णा पुलापर्यंत पोचलेले असतात.

“काढता येईल शिट्टी,” चिरंजीव म्हणाले, “पण खालचं बोलणंही जाईल.”

“राहू दे.”

आत्याच्या सत्तरीला सहकारनगरला सगळे जमलो. आत्याने दोन्ही बाजू हेडफोन लावून ऐकल्या, कुणाला बोलू दिलं नाही. शिट्टीशी आल्यावर मात्र मोठ्याने म्हणाली, “वहिनीचा कुकर!” आणि पदराने डोळे पुसले. मी विचारलं, मांजराचं काय झालं?

“वाचलं की! आठ दिवसांनी पत्र्यावरनं चालत आलं. मी धावत उचलायला गेले, तर मेल्याने मलाच ओरबाडलं,” असं म्हणून आत्याने हाताची बाही वर केली.