कुनिगुंडे : ओहोटी लागलेल्या एका नावाची कुळकथा

कुनिगुंडे हे स्त्रीनाम आज जर्मनीत नवजात मुलीला जवळजवळ कोणी ठेवत नाही. ते आढळते ते चर्चच्या नावांत, जुन्या नोंदवह्यांत आणि सरदार-सरंजामदारांच्या कथांची टिंगल करणाऱ्या लेखनात. मराठी वाचकाच्या कानाला त्यातील ‘गुंड’ प्रथम खटकते, आणि या नावाचे एक लाडके लघुरूप चक्क ‘गुंडा’ असे असल्याचे कळल्यावर त्याचा संशय बळावतो. तेव्हा मराठीतील गुंडाशी या नावाचा काडीचाही संबंध नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. संबंध आहे तो वेगळ्याच मराठी शब्दांशी, आणि तो कानाला जाणवणाऱ्या साम्यावर नव्हे, तर ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांवर उभा आहे.

हे नाव द्विपदी आहे, म्हणजे दोन स्वतंत्र शब्द जोडून ते घडलेले आहे. पहिले पद ‘कुनि’, अर्थ कूळ किंवा जमात. दुसरे ‘गुंड’, अर्थ लढाई. याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमानुसार मूळ इंडो-युरोपीय भाषेतील काही घोष व्यंजने जर्मानिक शाखेत अघोष झाली, म्हणजे ‘ग’च्या जागी ‘क’ आला, आणि संस्कृतात जेथे त्यातील तालव्य व्यंजनाचा ‘ज’ झालेला दिसतो तेथे जर्मानिक भाषांत ‘क’ सापडतो. संस्कृत ‘जानु’ म्हणजे गुडघा आणि जर्मन ‘क्नी’ म्हणजेही गुडघा. त्याच न्यायाने ‘कुनि’ हा संस्कृत ‘जन’ या शब्दाचा सगोत्र ठरतो. ‘गुंड’ या पदाचे मूळ ज्या धातूत आहे त्याचे संस्कृत रूप ‘हन्’. त्याचा जुना घकार ‘घ्नन्ति’ आणि ‘घात’ या रूपांत टिकून आहे, आणि मराठीतील ‘हाणणे’ हे क्रियापदही त्याच वंशातले आहे. कुनिगुंडे या नावात अशा रीतीने ‘जन’ आणि ‘हाणणे’ एकत्र नांदतात.

येथवर अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. खरा वाद पुढेच सुरू होतो. दिवाळी अंकाच्या संपादकांकडून नामशास्त्राच्या अभ्यासकाकडे येणारी मागणी बहुधा एकच असते, ती म्हणजे एखाद्या विलक्षण नावाचा अर्थ सांगावा, आणि ‘अर्थासह बाळाची नावे’ या प्रकारच्या पुस्तकांनी वाचकाची अपेक्षाही तशीच घडवलेली असते. कुनिगुंडे या नावापुढे अशा पुस्तकांत ‘कुळासाठी लढणारी’ असा अर्थ दिलेला असतो. पहिले पद कुळाचे, दुसरे लढाईचे, मध्ये चतुर्थी विभक्ती गृहीत धरली की चतुर्थी तत्पुरुष तयार होतो. कोणाचेही समाधान व्हावे असेच हे उत्तर आहे, आणि तरीही ते बहुतेक चूक आहे.

याचे कारण याच नावाच्या बहिणींकडे पाहिल्यास कळते. ‘हिल्डेगुंड’ या नावात पहिल्या पदाचा अर्थ लढाई आणि दुसऱ्याचाही लढाईच. ‘फ्रेडेगुंड’ या नावात शांतता आणि लढाई शेजारी बसलेल्या आहेत. या नावांचा विग्रह करू गेल्यास ‘लढाईची लढाई’ आणि ‘शांततेची लढाई’ असे काहीतरी हाती येते, आणि मग ते सावरण्यासाठी ‘शांततेसाठी झुंजणारी’ यासारख्या भरजरी कल्पना लढवाव्या लागतात. जुन्या जर्मानिक समाजात नाव हे अर्थ सांगण्यासाठी नव्हे, तर नाते दाखवण्यासाठी घडवले जात असे, असे मानले की ही सगळी कसरत अनावश्यक ठरते. इंग्लंडातील वुस्टरचा बिशप वुल्फस्टन (मृत्यू १०९५) याच्या आईचे नाव वुल्फगिफू आणि वडिलांचे एथेलस्टन. आईच्या नावाचे पूर्वपद आणि वडिलांच्या नावाचे उत्तरपद जोडून मुलाचे नाव सिद्ध झाले. ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा आणि ‘स्टन’ म्हणजे दगड. या बिशपला ‘लांडग्याचा दगड’ म्हणावे असा कोणाचाही हेतू नव्हता. जुन्या जर्मन वीरगीतात आजोबा हेरिब्रांट, बाप हिल्डेब्रांट आणि मुलगा हाडुब्रांट अशा तीन पिढ्या येतात. उत्तरपद तेच राहते, पूर्वपद बदलते, पण ते ‘ह’ या वर्णावरच येते.

ही रीत केवळ जर्मानिक नव्हे. अरिस्टोफनिसच्या ‘ढग’ या ग्रीक प्रहसनात नवऱ्याला मुलाच्या नावात काटकसरी आजोबा हवे असतात आणि खानदानी बायकोला घोडा हवा असतो, त्यामुळे शेवटी तडजोड होऊन फैडिप्पिडीस हे नाव ठेवले जाते, ज्यात काटकसर आणि घोडा दोन्ही आहेत. विदर्भातील वाकाटकांच्या वंशावळीत प्रवरसेन, रुद्रसेन, पृथिवीषेण अशी नावे येतात, त्यांत ‘सेन’ हे उत्तरपद कुळाची खूण म्हणून फिरत राहते. आणि दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता हिचे नाव ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी असल्याचे सासरीही सांगत राहते. वाकाटकांच्या नावांतून त्या घराण्याच्या सैन्याची संख्या मोजण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. मग कुनिगुंडेच्या नावातच लढवय्येपणा का शोधावा?

त्यातही ‘जर्मानिक स्त्रिया रणांगणावर लढत, म्हणून त्यांच्या नावांत युद्ध आहे’ हे विधान अलीकडे इतक्या आत्मविश्वासाने केले जाते की ते खोडून काढण्याचा कंटाळा यावा. उत्तरपद निवडताना शब्दाचे व्याकरणिक लिंग पाहिले जाई. ‘गुंड’, ‘हिल्ड’ आणि ‘बुर्ग’ म्हणजे गढी, हे शब्द स्त्रीलिंगी असल्याने ते स्त्रीनामाच्या शेवटी बसले. लांडगा पुल्लिंगी असल्याने तो आडोल्फ आणि रुडोल्फ यांच्या वाट्याला आला. पूर्वपदाला हे बंधन नव्हते, त्यामुळे तेच ‘गुंड’ गुंथर या पुरुषनामात आरंभी सुखाने बसते. याच घाईतला दुसरा गैरसमज म्हणजे ‘कुनि’ म्हणजे राजा. वस्तुतः राजा या अर्थाचा जर्मन शब्द ‘क्योनिग’ हाच ‘कुनि’ या शब्दापासून, ‘कुळातला’ या भावाने, निघालेला आहे. येथे वाचक मुलाला बापाच्या जागी बसवतो. कोनराड या नावातील पहिले पद तर वेगळेच, ‘धीट’ या अर्थाचे आहे.

या पदांची पद्धतशीर नोंद करण्याचे श्रेय एर्न्स्ट फ्योर्स्टेमान या ग्रंथपालाकडे जाते. त्याच्या जुन्या जर्मन नामकोशाचा व्यक्तिनामांचा खंड १८५६ मध्ये निघाला, आणि त्यात कितीतरी दुरुस्त्या झाल्या असल्या तरी तो अजून टाकवत नाही. याच गृहस्थाने पुढे ड्रेस्डेनच्या ग्रंथालयातील माया संस्कृतीच्या हस्तलिखितावरून त्या लोकांची कालगणना उलगडली, आणि जगाला तो बहुधा तेवढ्यासाठीच ठाऊक आहे.

नावाच्या प्रसाराचा इतिहास मात्र पदांत सापडत नाही, तो एका स्त्रीच्या चरित्रात सापडतो. नवव्या आणि दहाव्या शतकांत हे नाव राजघराण्यांत होते, परंतु त्याला जनसामान्यांत नेले ते लक्झेम्बर्गच्या कुनिगुंडेने. सम्राट दुसरा हाइनरिख याची ही पत्नी. १०१४ मध्ये रोम येथे दोघांचा राज्याभिषेक झाला, आणि १००७ मध्ये स्थापन झालेले बांबेर्गचे धर्मपीठ हे या दांपत्याचे मुख्य स्मारक होय. १०२४ मध्ये हाइनरिख निपुत्रिक मरण पावल्यावर नव्या राजाची निवड होईपर्यंत तिने राजचिन्हे सांभाळली, कारभार पाहिला आणि पुढल्या वर्षी ती काउफुंगेनच्या मठात गेली. पातिव्रत्यावर आळ आला असता ती नांगराच्या तापलेल्या फाळांवरून अनवाणी चालली, ही कथा नंतरची आहे. सीतेच्या अग्निदिव्याची आठवण मराठी वाचकाला होणे स्वाभाविक असले तरी असे दिव्य मध्ययुगीन युरोपातील न्यायपद्धतीचाच एक भाग होता. १२०० मध्ये पोप तिसरा इनोसंट याने तिला संतपद दिले. बांबेर्गच्या कथीड्रलमध्ये टिलमान रीमेनश्नायडर याने १४९९ ते १५१३ या काळात घडवलेल्या समाधीवर हा फाळांचा प्रसंग कोरलेला आहे.

संतपदाची वेळ या नावाला फळली. बाराव्या शतकापासून पुढे जर्मन प्रदेशात जुनी द्विपदी नावे मागे पडून योहानेस, कातारीना, एलिझाबेट ही संतांची नावे सर्वत्र पसरू लागली. त्या पुरात जी जुनी नावे तगली त्यांतील बरीचशी कोणा ना कोणा संताच्या आधाराने तगली. फ्रँकोनियात हाइनरिख आणि कुनिगुंडे ही नावे गावोगाव रुजली आणि ‘कुनी’ हे घरगुती रूप शेतकऱ्यांच्या घरांत पोहोचले. (जर्मनमध्ये सोम्यागोम्याला ‘हिन्झ आणि कुन्झ’ म्हणतात, त्यातला कुन्झ हा कोनराड आहे, कुनिगुंडे नव्हे, हा घोळ फार वेळा होतो.)

नाव बुडवले ते साहित्यिकांनी, असे म्हणण्यास जागा आहे. १७५९ मध्ये व्होल्तेअरने ‘कांदीद’ लिहिताना नायिकेला हे नाव दिले, ज्याचा फ्रेंच कानाला हास्यास्पद आणि काहीसा अश्लील ध्वनी येतो, आणि शेवटी ती कुरूप झाल्यावरच तिचे लग्न लावले. १७९७ मध्ये शिलरच्या कथाकाव्यातील कुनिगुंडे आपला हातमोजा हिंस्र श्वापदांत टाकून सरदाराला तो आणायला लावते. १८१० मध्ये रंगमंचावर आलेल्या क्लाइस्टच्या नाटकातील कुनिगुंडे ही तर जोडकामाने उभे केलेले खोटे सौंदर्य मिरवणारी खलनायिका आहे. अवघ्या पन्नास वर्षांत सम्राज्ञी, संत आणि शेतकऱ्याची लेक यांचे नाव नखरेल उमरावकन्येचे झाले. पुढे जुन्या जर्मन नावांची आवड परतली तेव्हा हिल्डेगार्ड आणि गुड्रुन यांना तिचा लाभ झाला. कुनिगुंडेला झाला नाही. साहित्य हे एकटेच कारण नसेल, लांबी आणि कॅथलिक छाप यांचाही त्यात वाटा असावा. परंतु हसू चिकटलेले नाव आईबाप उचलत नाहीत.

हंगेरीचा राजा चौथा बेला याची मुलगी आणि पोलंडचा राजपुत्र बोलेस्लाव याची पत्नी कुनिगुंडा (१२२४–१२९२) हिला हंगेरियन लघुरूपाने ‘किंगा’ म्हणत. मिठाच्या खाणीत टाकलेली तिची अंगठी पोलंडमध्ये मिठाच्या ढेपेत सापडल्याची दंतकथा आहे, आणि वेलिच्का येथील खाणीत, जमिनीखाली १०१ मीटरवर, तिच्या नावाचे प्रार्थनामंदिर मिठातच कोरलेले आहे. १९९९ मध्ये पोप दुसरा जॉन पॉल याने तिला संत घोषित केले. जर्मनीत जे नाव ऐकून लोक हसतात तेच नाव पोलंड आणि हंगेरीत ‘किंगा’ या दोन अक्षरांत आजच्या मुली वापरतात, आणि त्या नावातले ‘जन’ आणि ‘हाणणे’ कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

वाचकांनी आपल्या घरातील बारशांच्या नोंदी करताना नावाचा अर्थ लिहिला नाही तरी चालेल. ते कोणी सुचवले, कोणावरून ठेवले आणि कोणत्या वर्षी ठेवले, एवढे मात्र लिहून ठेवावे.