व्यवसाय : सुतार

जूनमध्ये फॉर्म भरून घेताना सातवीतला एक मुलगा ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी अडला. “सर, नुसतं सुतार लिहू ना?” त्याने हळूच विचारलं.

त्याचे अब्बा सागवानाची दारं-खिडक्या करतात. आमच्या मशिदीतलं कुरआन ठेवायचं कपाट त्यांच्याच हातचं आहे. पण धानकापणी झाली की ते झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी काम करतात, हेही सगळ्या गावाला ठाऊक आहे. कपाटाची तारीफ होते. नाटकाचा विषय निघाला की लोक ‘तौबा तौबा’ म्हणतात. तेच लोक शाल गुंडाळून नाटकाला मागच्या रांगेत बसलेले मी पाहिले आहेत. कारण मीही तिथेच बसतो.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा झाडीचा मुलूख. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा. कथानक कितीही रडवणारं असो, विनोदी पात्र नसेल तर थंडीत पहाटेपर्यंत कोण बसेल? याच रंगभूमीवर कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे नावारूपाला आले. ५,००० हून जास्त प्रयोग, सुमारे ८०० भूमिका. लोक त्यांना ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते शेतकरीही आहेत. हंगाम काही महिन्यांचाच, म्हणून इथल्या नटाला दुसरं काम हातात ठेवावंच लागतं.

अमेरिकेतही असा एक नट आहे, निक ऑफरमन. शिकागोत नाटकं करायचा तेव्हा नेपथ्याची सुतारकी करून पोट भरायचा. पुढे ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ या विनोदी मालिकेने (२००९-२०१५) त्याचं नाव झालं, तरी त्याने रंधा सोडला नाही. लॉस एंजेलिसमध्ये त्याचा सुतारकामाचा कारखाना आहे. २०१६ साली त्याने सुतारकामावर पुस्तकही लिहिलं. तिथे हे दोन्ही हुन्नर एकाच माणसाचं भूषण ठरले. आमच्याकडे मुलगा त्यातला एक लपवतो.

मी त्याला म्हटलं, “अब्बांना विचारून ये.” दुसऱ्या दिवशी अब्बाच शाळेत आले. हाताला लाकडाचा भुसा लागलेला. म्हणाले, “सुतारच राहू द्या, सर. पोराला मोहल्ल्यात चिडवतात.”

मी ‘सुतार’ लिहिलं. लिहिताना हात जड झाला. त्या पोराला चिडवणारी मुलं माझ्याच वर्गातली आहेत, आणि तोंड लपवून हसायला ती आम्हा मोठ्यांकडूनच शिकली.

यंदा मंडईला त्यांचं नाटक लागलं की मी पहिल्या रांगेत बसणार आहे. टोपी घालून.