बसून खायचा नाश्ता

डोंबिवलीत नाश्ता उभ्याने होतो. ओट्याला टेकून पोह्यांचे चार घास, एक हात बॅगेच्या चेनवर, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. ज्यांना तेवढंही जमत नाही ते डबा घेऊन गाडीत चढतात आणि चौथ्या सीटवर अर्धंमुर्धं टेकून ठाण्याची खाडी यायच्या आत उपमा संपवतात. 1853 साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि या पट्ट्यातली सकाळ रेल्वेच्या नावावर चढली ती चढलीच.

अशा गावात स्मूदी बोल यावा ही जरा गंमतच. नुसती स्मूदी असती तर प्रश्न नव्हता. पेला दारात, चपला घालता घालता रिकामा करता येतो. आमच्या पिढीने शाळेत जाताना दूध असंच घशाखाली ढकललं. पण बोल म्हणजे पसरट वाडगा, त्यात चमचा रोवला तर उभा राहील असं गार, घट्ट काहीतरी आणि त्यावर मांडलेली फळं. ते पिता येत नाही. त्याला टेबल लागतं, निदान मांडी घालायला सतरंजी लागते, आणि दहा मिनिटं लागतात. सगळी मेख त्या घट्टपणात आहे.

आमच्याकडे तो आला मुलीच्या जिममधून. सकाळच्या खाण्यात प्रोटीन हवं, पोह्यात ते नाही, असं तिला तिथे सांगण्यात आलं. बोलणं अगदीच चूक नव्हतं. आयसीएमआरच्या हिशेबाने निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. आपण वरण-भातावर भिस्त ठेवून असतो आणि वरण ताटात किती पातळ येतं ते सर्वांना ठाऊक आहे. माझी लोकल सुटली होती, म्हणजे कायमचीच; मी निवृत्त झालो होतो. तिचं ऑफिस अधूनमधून घरून. तेव्हा ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने वाडगा करावा असं ठरलं.

मूळचा हा प्रकार ब्राझीलचा. ॲमेझॉनच्या मुखाकडच्या पारा प्रांतात असाई नावाच्या ताडवर्गातल्या झाडाची जांभळी फळं कोळून गर काढतात. तिथली साधी माणसं तो गर बिनसाखरेचा, तळलेल्या माशाबरोबर आणि कसाव्याच्या पिठाबरोबर जेवणात खातात. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. पुढे तो गर गोठून दक्षिणेला रिओत गेला, तिथल्या समुद्रावर लाटांशी खेळणाऱ्या पोरांनी त्यात गोडी आणि केळी घातली, आणि मासळीबरोबरचं कालवण वाडग्यातला नाश्ता होऊन जगभर फिरलं. आता त्याच असाईच्या गोठवलेल्या पुड्या आपल्याकडे विकत मिळतात. किंमत वाचली की भूक मरते.

आणि जांभळ्या रंगासाठी ॲमेझॉनला जायचं कारण काय? कल्याणवरून कर्जतची गाडी पकडली की बदलापूर येतं. तिथल्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही आहे. मृग जवळ आला की डोंबिवलीत स्टेशनबाहेर बायका पाट्या घेऊन बसतात. मुरबाड-शहापूरकडच्या, पहाटे निघून आलेल्या. पाटीत वर पान पसरलेलं, त्यावर जांभळांचे वाटे, शेजारी करवंदं. घासाघीस केली तर त्या वाट्यात दोन जांभळं वाढवतात, पैसे कमी करत नाहीत. मला हा व्यवहार फार सभ्य वाटतो.

घरी आल्यावर जांभूळ तासभर पाण्यात टाकायचं आणि मग हातानेच कुस्करायचं. याला यंत्र नाही. बी अंगठ्याखाली फिरते, तिला चिकटलेला गर सुटता सुटत नाही, सुटला की बोटांच्या पेरांत शिरतो आणि नखांच्या कडेला जांभळी रेघ काढून बसतो. साबणाने जात नाही, लिंबाने थोडी जाते. परात रंगते, ओट्याची फरशी रंगते, बनियनवर एक शिंतोडा हमखास. बिया आई उन्हात वाळवते. कुटून कुणाकुणाला ती मधुमेहासाठी देते, त्यावर घरात कुणी वाद घालत नाही. गर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजरमध्ये टाकला की पावसाळाभर पुरतो. काळपट जांभळे चौकोन, वर हिमाची पांढरी साय. ट्रे पिळला की कडकड आवाज करत सुटतात.

आता प्रथिनांची गोष्ट. या वाडग्यात फळं मिरवतात, पण त्यांच्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. शंभर ग्रॅम केळ्यात एखादा ग्रॅम, आंब्यात तेवढंही नाही, जांभळाचं बोलूच नये. म्हणजे हाय-प्रोटीन हे जे विशेषण आहे ते कुणीतरी दुसऱ्याने मागच्या दाराने आणून द्यावं लागतं. बहुतेक जण त्यासाठी डब्यातली पावडर टाकतात. मुलीनेही आणला होता तसा एक डबा, घमेल्याएवढा. त्यात व्हॅनिलाचा वास असा काही होता की जांभूळ बिचारं आपल्याच घरात पाहुणं झालं. तो डबा हळूहळू वरच्या फळीवर गेला आणि त्याची जागा चक्क्याने घेतली.

चक्का आपल्याला पाडव्याला आणि दसऱ्याला आठवतो. डेअरीसमोर रांग लागते, किलोकिलो जातो आणि जवळजवळ तेवढीच साखर त्यात कालवून आपण श्रीखंड म्हणतो. एरवी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पण प्रथिनांसाठी त्याच्यासारखं स्वस्त आणि सोयीचं दुसरं काही मला सापडलं नाही. अर्धा लिटर दुधात सोळा-एक ग्रॅम प्रथिनं असतात. रात्री दही फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं की पाणी जातं. पाण्याबरोबर थोडी प्रथिनं जातात, पण दुधातली मुख्य प्रथिनं दही लागतानाच एकमेकांना धरून बसलेली असतात, ती फडक्यात राहतात. कल्याणच्या दूधनाक्यावरचं म्हशीचं दूध आणलं तर चक्का लोण्यासारखा होतो, आणि चव अशी की साखरेचं नाव निघत नाही. पण त्यात साय फार. रोजच्याला पिशवीतलं टोन्ड बरं. खाली पातेल्यात उतरलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात थालीपीठाचं पीठ मळायचं.

चक्क्याचा आणखी एक गुण. जांभळाचा तुरटपणा जिभेला खरवडतो, घसा धरतो. तो तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो ते दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि जिभेला सोडतं. कोऱ्या चहात दूध घातल्यावर होतं तेच. म्हणजे चक्का पोट भरतो ते वेगळंच, जांभळाला माणसांतही आणतो. अननसाचं उलट. कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारा एक पाचकरस असतो. तो चक्क्यात मिसळला की थोड्या वेळाने मिश्रण कडू लागतं. किवीचंही तसंच. अननस हवाच असेल तर आधी दोन चटके द्यावेत, उष्णतेने त्याची ती खोड जाते. शिऱ्यात अननस का नांदतो याचं उत्तरही यातच आहे.

बाकी कृती म्हणाल तर मिक्सरची मर्जी. सुमीत मिक्सर बाजारात आला तो वाटण-घाटणासाठी. आपल्या घरातले मिक्सर अजून त्याच वळणाचे. दगडासारखं गोठलेलं केळं त्यांच्या गणितात नाही. म्हणून वेलची केळी आदल्या रात्री चकत्या करून गोठवायची, सकाळी पाच मिनिटं बाहेर ठेवायची. चटणीच्या भांड्यात तळाला चक्का, त्यावर मूठभर डाळ्याचं पीठ, मग केळं, मग जांभळाचे चौकोन. थांबत थांबत फिरवायचं. पातं अडकून मिक्सर घरघरू लागला की दुधाची पिशवी खुणावते; घाला पाव वाटी, सगळं सुरळीत होईल, असं सांगते. तिचं ऐकलं की वाडगा गेला, पेला आला. त्याऐवजी झाकण काढून चमच्याने कडा खाली लोटायच्या आणि परत फिरवायचं. मिक्सर अगदीच रुसला तर खालचं लाल बटण आहे. सहा वाजता हा आवाज उठला की शेजारच्या काकूंना वाटतं आज यांच्याकडे इडल्या.

वरून भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट, डाळिंबाचे दाणे, ओल्या खोबऱ्याचा कीस. चक्क्याचे बारा-तेरा, डाळ्याचे सहा, दाण्याचे चार-पाच असे मिळून बावीस-चोवीस ग्रॅम होतात. जिम खूश. मुलगी आधी फोटो काढते, तोवर कडेने वाडगा विरघळायला लागतो, आणि मी रोज तेवढ्यावरून कुरकुरतो.

आईचा सुरुवातीला ठाम नकार होता. फळं आणि दूधदुभतं एकत्र म्हणजे विरुद्ध आहार. चरकसंहितेत आंबट फळं दुधाबरोबर वर्ज्य सांगितली आहेत हे खरंच आहे, पण जन्मभर केळ्याचं शिकरण ओरपताना तिने चरकाला विचारल्याचं मला आठवत नाही. मी तसं म्हटलं नाही. वाडगा तिच्यासमोर ठेवला. तिने चमचा फिरवला, जीभ लावली, थोडं थांबली.

"बरं आहे की रे," म्हणाली, "पण याच्याबरोबर पोळी कुठाय?"

मुलगी हसायला लागली. "आजी, हे असंच खातात. नुसतं."

"असं कसं नुसतं? कालची एखादी असेल बघ."

होती. मी डब्यातून काढून दिली. आईने तुकडा मोडून जांभळ्या घट्ट गोळ्यात बुडवला आणि नीट मांडी घालून जेवायला बसली. मुलीने मोबाइलवर बघितलं आणि जाहीर केलं की एका पोळीत साधारण तीन ग्रॅम प्रोटीन असतं.

"मग दोन दे," आई म्हणाली.